मूल सोडवलं, पण मुक्ततेचा दाखला कुठे आहे?

२०२२ सालच्या पावसाळ्यात इगतपुरी तालुक्यातल्या उभाडे इथल्या कातकरी वस्तीतली एक लहान मुलगी दगावली, आणि त्या एका मृत्यूने बाकीचा प्रकार उघड्यावर आला. वस्तीतली मुलं शेजारच्या अहमदनगर (आता अहिल्यानगर) जिल्ह्यातल्या मेंढपाळांकडे कामाला ठेवली जात होती. बदल्यात आईबापाच्या हातावर थोडे पैसे, कुठे एखादी मेंढी. गुन्हे दाखल झाले, मुलं परत आणली गेली, राष्ट्रीय मानवी हक्क आयोगानेही दखल घेतली.

अशा मुलांसाठी कायदे आणि योजना कमी नाहीत. अडचण अशी की प्रत्येक योजनेचं दार वेगवेगळ्या कार्यालयात आहे, आणि प्रत्येक दाराशी एक विशिष्ट कागद मागतात. तो कागद पहिल्या काही दिवसांत तयार झाला नाही, तर नंतर सहसा होत नाही. त्यातला सगळ्यात मोलाचा कागद म्हणजे वेठबिगारीतून मुक्ततेचा दाखला. बहुतेक मुलं त्याच्याशिवायच घरी पोचतात.

हे मूल नेमकं कोणत्या कायद्यात बसतं?

एकच मूल तीन-चार कायद्यांत एकाच वेळी बसू शकतं. गुन्हा लिहिताना मात्र हाताला सोपा असेल तो एकच कायदा लावून मोकळं होण्याची सवय आहे, आणि तो सोपा कायदा म्हणजे बालकामगार कायदा.

१९८६चा हा कायदा २०१६मध्ये बदलला. आता १४ वर्षांखालच्या मुलाला कुठल्याही कामावर ठेवणं गुन्हा आहे. १४ ते १८ वयोगटाला फक्त खाणी, ज्वालाग्राही पदार्थ, स्फोटकं आणि धोकादायक प्रक्रिया यांत बंदी आहे. शिक्षा ६ महिने ते २ वर्षं कैद, २० ते ५० हजार रुपये दंड किंवा दोन्ही. म्हणजे मेंढ्यांमागे ठेवलेला मुलगा पंधरा वर्षांचा निघाला, की हा कायदा त्याच्या कामी येत नाही. ‘वय बसत नाही’ म्हणून फाइल मिटते ती इथेच.

दुसरी पळवाट नात्याची. शाळेच्या वेळेनंतर आणि सुट्टीत घरच्या धंद्याला हातभार लावायला कायद्यात सूट आहे. घर म्हणजे कोण, हेही कायद्यात लिहिलं आहे: आईवडील, भाऊबहीण, आणि आईवडिलांचे सख्खे भाऊबहीण. त्यामुळे प्रत्येक मालक ‘मी त्याचा मामा’ असं सांगतो. मामा असल्याचा पुरावा मागा. मामा निघालाच, तरी पुढचा प्रश्न शिल्लक राहतो: पोराचं नाव कोणत्या शाळेच्या पटावर आहे, आणि तिथली हजेरी किती?

याउलट १९७६चा वेठबिगार पद्धत निर्मूलन कायदा वय विचारत नाही. तो एवढंच पाहतो, की उचल, कर्ज किंवा तशाच कुठल्या देण्यापोटी माणूस बांधला गेला आहे का. त्याला काम सोडायची, दुसरीकडे जायची मुभा आहे का. मजुरी नाममात्र आहे का. देणं बापाने घेतलेलं असलं तरी चालतं. किमान वेतनापेक्षा कमी पैशात काम करून घेणं ही सक्तीची मजुरीच, असं सर्वोच्च न्यायालयाने १९८२मध्ये सांगितलं. आणि सक्तीची मजुरी दिसली की उचल घेतलेली असणारच असं गृहीत धरावं, हे १९८४च्या बंधुआ मुक्ती मोर्चा निकालात आलं. कर्ज नव्हतं हे सिद्ध करायचं ओझं कायद्याच्या १५व्या कलमाने मालकावर टाकलं आहे. सोडवलेल्या मजुराकडे उचलीचा कागद मागणारा अधिकारी कायदा उलटा वाचतो आहे.

पहिले चोवीस तास

कुठेही असं मूल दिसलं तर फोन १०९८ वर. ही हेल्पलाइन पूर्वी संस्थांमार्फत चाले; २०२३पासून ती सरकार चालवतं आणि ती ११२ या क्रमांकाशी जोडली आहे. फोनवर ‘एक मूल काम करतंय’ एवढंच सांगून भागत नाही. घोटीजवळचा ढाबा म्हणजे कोणता, महामार्गाच्या कोणत्या बाजूला. मेंढ्यांचा वाडा आज कोणाच्या रानात बसला आहे. मुलं अंदाजे किती. मालक कोणत्या वेळी जागेवर असतो, हे सांगावं लागतं. वाडा दोन-तीन दिवसांत हलतो. कालचा पत्ता घेऊन निघालेली गाडी रिकामी येते, आणि मालक सावध होतो तो वेगळाच.

सोडवलेलं मूल, प्रवासाचा वेळ सोडून, २४ तासांच्या आत बालकल्याण समितीपुढे आलं पाहिजे. बाल न्याय कायदा २०१५प्रमाणे ही समिती अध्यक्ष आणि चार सदस्यांची असते. तिला मुलाच्या ताब्याबाबत न्यायालयासारखे अधिकार असतात. पोलीस, कामगार अधिकारी, डॉक्टर, समाजसेवक, कोणीही मुलाला तिच्यापुढे आणू शकतं. मूल स्वतःही येऊ शकतं. ‘आज समिती बसत नाही’ हे उत्तर चालत नाही. बैठक नसेल तेव्हा एका सदस्यापुढे मुलाला हजर करता येतं, अगदी त्याच्या घरीही. त्या रात्री मुलाला पोलीस ठाण्यात किंवा मालकाच्या ‘ओळखीच्या’ माणसाकडे ठेवू नये.

समितीपुढे जाण्याआधी दवाखाना. मेंढ्यांमागची मुलं उघड्यावर झोपलेली, अर्धपोटी. अंगावर माराचे वळ, जुने चटके असतात. सरकारी रुग्णालयातल्या तपासणीत प्रत्येक खूण आकृतीवर दाखवून घ्या. ‘प्रकृती ठीक’ अशा दोन शब्दांच्या दाखल्यावर पुढे मारहाणीचं कलम टिकत नाही.

घाईची दुसरी बाजूही नाशिकने पाहिली आहे. मे २०२३च्या अखेरीस बिहारहून मदरशात शिकायला निघालेली ५९ मुलं भुसावळ आणि मनमाड स्थानकांवर रेल्वेतून उतरवली गेली. तस्करीचा गुन्हा दाखल झाला, सोबतच्या शिक्षकांना अटक झाली, मुलं बालगृहात राहिली. तस्करी झालीच नव्हती, असं तपासात निघालं आणि पुढच्या वर्षी प्रकरण बंद झालं. मुलांच्या पालकांना त्याच रात्री फोन लावणं, तिथल्या बालकल्याण समितीकडून घरचा तपास मागवणं ही कामं अटकेआधी होण्यासारखी होती. संशय आला तर मुलांना सुरक्षित ठेवणं बरोबरच आहे, पण चौकशीच्या आधी निष्कर्ष लिहिला की त्याची किंमत मुलंच मोजतात.

जबाब: चार ओळी, ज्यांवर सगळं टिकतं

‘सदर मुलगा स्वखुशीने मेंढ्या राखण्याकरिता गेला होता’ हे वाक्य जबाबात आलं की प्रकरण संपलंच म्हणा. मूल असं म्हणत नाही. बापाने म्हटलेलं, किंवा कोणी म्हटल्यासारखं वाटलेलं, लिहिलं जातं. आणि मुलाच्या बाबतीत खुशीला अर्थही नाही. तस्करीच्या कलमात पीडिताची संमती विचारातच घेत नाहीत.

विचारायला हवं ते असं. घरून कोण घेऊन गेलं, त्या दिवशी घरात काय दिलं, किती पैसे, कोणाच्या हातात? किती वाजता उठायचं, किती मेंढ्या, जेवण कितीदा? पैसे कधी हातात आले का? घरी जायचं म्हटल्यावर काय उत्तर मिळालं? पळून गेला होतास का, परत कोणी आणलं? शेवटचे दोन प्रश्न सगळ्यात महत्त्वाचे, कारण जायची मोकळीक नव्हती हे त्यांतूनच दिसतं. लहान मुलाला तारखा सांगता येत नाहीत. दिवाळी, पोळा, भात कापणी, गावची जत्रा असं विचारलं तर तो बरोबर सांगतो. कातकरी बोलणाऱ्या मुलाला कचेरीतली मराठी समजत नसेल, तर वस्तीतलं त्याच्या विश्वासाचं माणूस शेजारी बसवा. ज्याने उचल घेतली तो माणूस मात्र नको.

वयाचा कागद नसला तर बाल न्याय कायद्याच्या ९४व्या कलमाने क्रम ठरवून दिला आहे: आधी शाळेचा दाखला, तो नसेल तर महापालिका किंवा ग्रामपंचायतीची जन्मनोंद, तीही नसेल तरच हाडांची चाचणी, आणि ती १५ दिवसांत. आधार कार्डावरची जन्मतारीख या क्रमात नाही. वस्तीत शिबिर लावून काढलेल्या कार्डांवर अनेकांच्या तारखा १ जानेवारीच्या असतात.

मुक्ततेचा दाखला

तो देतात जिल्हाधिकारी किंवा त्यांनी अधिकार दिलेले प्रांत. चौकशी बहुतेकदा तहसीलदार करतात. काम जिथे चाललं होतं त्या जिल्ह्याने दाखला द्यायचा, आणि मूळ गावच्या जिल्ह्याने पुनर्वसन करायचं. मूल पारनेरच्या रानात सापडलं आणि घर इगतपुरीला असेल, तर दाखला नगरकडून आणि पुनर्वसन नाशिककडून. याच सांध्यावर प्रकरणं निसटतात. ‘आधी मुलांना घरी सोडू, कागद मागून पाठवू’ म्हणतात. ते मागून येत नाहीत. सोडवणाऱ्या पथकाने दाखला हातात घेतल्याशिवाय त्या जिल्ह्याची हद्द सोडू नये, हा आमचा आग्रह आहे. गुन्ह्याचं तसं नाही: भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या १७३व्या कलमानुसार हद्द कोणाचीही असली तरी कुठल्याही ठाण्यात तक्रार नोंदवता येते, ती नंतर योग्य ठाण्याकडे जाते.

दाखल्यावर काय असावं? मुलाचा फोटो, पूर्ण नाव, वडिलांचं व आईचं नाव, वय, मूळ गाव व तालुका. मालकाचं नाव व पत्ता. काम कोणतं, कधीपासून कधीपर्यंत. उचल किंवा मोबदला किती. १९७६च्या कायद्याखाली मुक्त केल्याचा स्पष्ट उल्लेख. सही, शिक्का, तारीख, जावक क्रमांक. ‘बालकामगार म्हणून मुक्त’ असं लिहून आणलेल्या कागदावर वेठबिगारीची मदत मिळत नाही. नावाचं स्पेलिंग बँकेतल्या आणि आधारवरच्या नावाशी जुळवून घ्या. कचेरीच्या खिडकीशी उभं राहून हे पाच मिनिटांचं काम आहे, नंतर दुरुस्तीला महिने जातात.

या दाखल्यासोबत एक गोष्ट आपोआप होते. कायद्याच्या सहाव्या कलमाने ते देणं संपतं. मालक उचल परत मागायला वस्तीवर आला, तर ती परत घेणं हाच गुन्हा आहे, आणि नवव्या कलमाखाली ३ वर्षांपर्यंत शिक्षा आहे. हे आईबापाला त्यांच्या बोलीत, दोनदा सांगावं लागतं. उचल फेडायच्या धाकाने मूल पुन्हा धाडलं जातं.

पैसे कोणते, किती, कधी

केंद्राची वेठबिगार पुनर्वसन योजना २०१६पासून नव्या रूपात आहे आणि २०२२मध्ये तिच्यात सुधारणा झाली. सुटल्याबरोबर ३० हजार रुपयांपर्यंत तातडीची मदत आहे, तिचा खटल्याच्या निकालाशी संबंध नाही. ती देण्यासाठी प्रत्येक जिल्ह्यात किमान १० लाखांचा कायम निधी असावा, अशी योजना आहे. त्यापुढची रक्कम मुलं आणि स्त्रियांसाठी २ लाख, त्यातले सव्वा लाख ठेवीत आणि ७५ हजार खात्यावर. तस्करी, लैंगिक शोषण किंवा अपंगत्व असेल तर ३ लाख, त्यातले २ लाख ठेवीत.

ही मोठी रक्कम दोषसिद्धीशी जोडलेली आहे. अशा खटल्यांत शिक्षा लागणं किती अवघड असतं हे माहीत असूनही ती अट ठेवली आहे, आणि आमच्या मते योजनेतलं हेच सगळ्यात मोठं छिद्र आहे. खटला रखडला तरी, वेठबिगारी असल्याचा प्राथमिक निष्कर्ष जिल्हा प्रशासनाने काढला असेल तर प्रस्ताव थांबवू नये, असं योजनेतच म्हटलं आहे. तेव्हा चौकशी अहवालात तो निष्कर्ष एका स्वच्छ वाक्यात लिहून घ्या.

मूल अनुसूचित जमातीचं असेल आणि मालक अनुसूचित जाती-जमातीचा नसेल, तर अत्याचार प्रतिबंधक कायद्याचं कलम ३(१)(ह) लागतं. त्यात १ लाख रुपयांची मदत आहे: २५ टक्के गुन्हा नोंदताच, ५० टक्के दोषारोपपत्र गेल्यावर, उरलेले शिक्षा झाल्यावर. हे पैसे समाजकल्याण विभागाकडून येतात, वेठबिगारीच्या मदतीपेक्षा वेगळे. त्यासाठी जातीचा दाखला लागतो आणि कातकरी वस्त्यांत नेमका तोच नसतो. मुलाचा नसेल तर घरातल्या कोणाचा तरी शोधा, आणि प्रांत कार्यालयात मुलाचा अर्ज त्याच आठवड्यात टाका.

बालकामगार कायद्याखाली मालकाचा दंड आणि सरकारचे १५ हजार असे मुलाच्या नावे निधीत जमा व्हायचे असतात. हे बहुतेकांना ठाऊक नसतं म्हणून कोणी मागत नाही.

कलमांबद्दल एक बारकावा. बाल न्याय कायद्याचं ७९वं कलम १८ वर्षांपर्यंतच्या मुलाला वेठीला ठेवणं, त्याची कमाई दाबणं यासाठी ५ वर्षांपर्यंत कैद सांगतं. वाचायला दमदार. पण २०२१च्या दुरुस्तीने ३ ते ७ वर्षं शिक्षेचे या कायद्यातले गुन्हे अदखलपात्र झाले. एकटं ७९ लावलं तर पोलीस न्यायालयाच्या परवानगीशिवाय तपास करू शकत नाहीत. सोबत वेठबिगार कायदा आणि भारतीय न्याय संहितेचं १४३ (मुलाची तस्करी: किमान १० वर्षं) किंवा १४४ (तस्करी झालेल्या मुलाचं शोषण: ५ ते १० वर्षं) असेल तर तपास अडत नाही.

शोषण लैंगिक असेल तर

मग पॉक्सो, म्हणजे मुलांना लैंगिक अत्याचारांपासून संरक्षण देणारा २०१२चा कायदा, आणि वाट थोडी बदलते. माहिती असणाऱ्या प्रत्येकावर कळवण्याची सक्ती आहे. मुख्याध्यापक, अधीक्षक यांनी लपवलं तर १ वर्षापर्यंत कैद. मुलीचा जबाब तिच्या घरी किंवा तिला बरं वाटेल तिथे, शक्यतो महिला उपनिरीक्षकाने, गणवेशाविना घ्यायचा. तपासणी महिला डॉक्टरने, आई किंवा विश्वासाच्या माणसासमोर करायची. तातडीचे उपचार रुग्णालय गुन्ह्याच्या कागदासाठी अडवू शकत नाही. पोलिसांनी २४ तासांत बालकल्याण समितीला कळवायचं. आरोपी घरातला असेल, तर मूल त्या घरात ठेवायचं की नाही याचा निर्णय समितीने तीन दिवसांत घ्यायचा.

इथे दोन गोष्टी हमखास मागायच्या राहून जातात. पहिली, सहाय्यक व्यक्ती. समिती ती नेमते, आणि ती तपासापासून खटल्याच्या शेवटपर्यंत मुलासोबत असते, तारखा कळवते. दुसरी, तातडीची विशेष मदत: जेवण, कपडे, कोर्टात जायचं भाडं यासाठी समिती शिफारस करू शकते, आणि शिफारस पोचल्यापासून आठवड्यात पैसे मिळायला हवेत. त्र्यंबक किंवा सुरगाण्याच्या पाड्यावरून तारखेला नाशिकला यायचं म्हणजे दोघांचं भाडं आणि दोन दिवसांची मजुरी बुडते. साक्षीला न येण्यामागे कित्येकदा एवढंच कारण असतं. नुकसानभरपाईसाठी विशेष न्यायालयाकडे अंतरिम अर्ज करता येतो. शिवाय राज्याची २०१३पासूनची मनोधैर्य योजना आहे, कमाल १० लाखांपर्यंत. तिचे अर्ज जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे जातात, आणि मुलांना तिथे वकील मोफत मिळतो.

मुलाचं नाव, फोटो, शाळा, गावाची ओळख पटेल असा तपशील कुठेही टाकू नका. धाडीनंतर मुलांना ओळीने उभं करून काढलेला फोटो गावच्या ग्रुपवर फिरतो, तो गुन्हा आहे.

घरी परतल्यावर

समितीने १५ दिवसांत घरचा सामाजिक तपास अहवाल मागवायचा आणि चार महिन्यांत अंतिम आदेश द्यायचा. अहवाल एका भेटीत, बापाच्या जबाबावर लिहिला गेला तर त्यात ‘परिस्थिती समाधानकारक’ असं येतं. पाहायला हवं ते हे: घरात रेशन कार्ड आहे का, धान्य खरंच मिळतं का, दिवाळीनंतर कुटुंब वीटभट्टीवर किंवा ऊसतोडीला जाणार आहे का, आणि गेलं तर मूल कुठे राहणार.

आईबापांना आरोपी करायचं का, यावर मतभेद होतात. त्यांनी पोर दिलं हे खरं. पण बालकामगार कायदाही पालकाला पहिल्या वेळी शिक्षा करत नाही, मुलाला धंद्यासाठी वापरलं असेल तर वेगळं. पालक आरोपी झाले की मालकाविरुद्धचे मुख्य साक्षीदारच जातात आणि मूल परतायला घर उरत नाही. दलालाला आरोपी करा. तो प्रत्येक प्रकरणात असतो आणि बहुतेक प्राथमिकींत (एफआयआरमध्ये) नसतो.

घर चालावं म्हणून राज्याची क्रांतिज्योती सावित्रीबाई फुले बालसंगोपन योजना आहे, मुलामागे महिना २,२५० रुपये. केंद्राच्या मिशन वात्सल्यमधून ४,००० रुपयांचं प्रायोजकत्व आहे. दोन्हींचे अर्ज जिल्हा बाल संरक्षण कक्षाकडे. शाळेसाठी शिक्षण हक्क कायद्याप्रमाणे वयानुरूप वर्गात, वर्षाच्या मध्येही, जन्मदाखल्याशिवाय प्रवेश द्यावाच लागतो. आदिवासी मुलासाठी आश्रमशाळेचं वसतिगृह उपयोगी पडतं. प्रस्ताव नाशिक किंवा कळवणच्या प्रकल्प कार्यालयातून जातो. मात्र दहा वर्षांच्या, अक्षरओळख नसलेल्या मुलाला थेट पाचवीत बसवून विशेष प्रशिक्षण दिलं नाही, तर ते पहिल्या सुट्टीत घरी जातं आणि परत येत नाही. जूनमध्ये आणि दिवाळीच्या सुट्टीनंतर त्याची हजेरी पाहण्याचं काम ग्राम बाल संरक्षण समितीचं. अध्यक्ष सरपंच, सचिव अंगणवाडी सेविका. समिती अनेक गावांत कागदावर असते, पण अंगणवाडी सेविकेला विचारलं तर कुठलं मूल गेले तीन आठवडे दिसलं नाही हे ती नावानिशी सांगते.

ठेवीतल्या रकमेचंही असंच. ठेवीची पावती किंवा पासबुक कोणाकडे आहे, त्याची प्रत संरक्षण कक्षाच्या फाइलमध्ये आहे का, हे पहिल्या वर्षातच विचारा. कुटुंब हललं तर नवा पत्ता लेखी कळवा आणि पोच घ्या. खात्यावर पैसे आले आणि एटीएम कार्ड दलालाच्या खिशात, असं दिसलं तर ते कार्ड त्याच दिवशी बँकेत बंद करून नवं मागता येतं.